‘बेल्ट बदललाय’ या शब्दावर जुनी पोर्श ९४४ घेतली आणि इंजिन घालवून बसलो

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो पण खरं सांगायचं तर लाज वाटत होती, कारण फसवलं दुसऱ्यांनी हे खरं असलं तरी फसायला मी स्वतःच्या पायांनी चालत गेलो होतो. आता गाडी परत रस्त्यावर आलीय, डोकंही जरा थंड झालंय, म्हणून लिहितोय. जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचा विचार कुणी करत असाल तर आधी हे वाचा आणि मग काय ते ठरवा.

गाडी पोर्श ९४४. ही १९८२ ते १९९१ पर्यंत बनत होती, माझी त्यातली साधी, अडीच लिटर, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हवाली. डोळे उघडल्यासारखे वर येणारे हेडलाइट, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वळणावर गाडी इतकी समतोल राहते की चालवणारा आपण फार भारी ड्रायव्हर आहोत असं समजायला लागतो. मी पण समजायला लागलो होतो. असो.

विकणारा माणूस बोलायला एकदम गोड. गाडी धुऊन पुसून उभी, सीटवर फाइल तयार. मी तेवढा अभ्यास करून गेलो होतो की या गाडीत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची (झडपांची) उघडझाप पिस्टनच्या वेळेशी जुळवणारा दातेरी रबरी पट्टा, हा जीव की प्राण आहे, म्हणून पहिलाच प्रश्न तो विचारला. त्याने फाइलमधून एक बिल काढलं, दोन वर्षांपूर्वीचं, त्यावर लिहिलेलं ‘बेल्ट बदलला’ आणि खाली रीडिंग ९४,३१०. मग बॉनेट उघडून खाली वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "हे बघा सर, नवा कोरा, अजून अक्षरंसुद्धा गेली नाहीत." मी बघितलं तर खरंच काळ्या रबरावर पांढरी अक्षरं स्पष्ट दिसत होती. झालं, मी खूश.

आता ज्यांना माहितीय ते इथेच हसतील. टायमिंग बेल्ट असा बॉनेट उघडून टॉर्च मारून दिसत नाही हो! तो प्लॅस्टिकच्या कव्हरच्या आत असतो, आणि ९४४ मध्ये वरचं कव्हर काढायचं तर आधी डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि रोटर काढावा लागतो. मला दाखवला तो बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट. बिलात पण ‘बेल्ट’ एवढंच लिहिलेलं, कुठला ते नाही, पार्ट नंबर नाही. म्हणजे बघा, कागदावर खोटं काहीच नव्हतं, बेल्ट बदलला होताच की, फक्त भलताच!

दुसरी गंमत ओडोमीटरची. मी गाडी बघितली तेव्हा रीडिंग ९४,८७२. म्हणजे दोन वर्षांत साडेपाचशे किलोमीटर. मी विचारलं एवढी कमी कशी, तर म्हणाला फार जपून ठेवलीय, कधीतरी बाहेर काढतो. गाडी घेऊन मी तीनशे किलोमीटर चालवत घरी आलो, दारात उभी केली, आणि रीडिंग बघतो तर ९४,८७२. स्पीडोमीटरचा काटा व्यवस्थित चालत होता, आकडे मात्र जागचे हलले नव्हते. या गाड्यांच्या ओडोमीटरमधला प्लॅस्टिकचा बारीक गिअर म्हातारा होऊन तुटतो हा यांचा जुना प्रसिद्ध आजार आहे हे मला नंतर कळलं. मी काय विचार केला असेल? ‘छोटं काम आहे, बघू कधीतरी.’ अरे, पण आकडे बंद होते तर बिलानंतर गाडी पाचशे चालली की पन्नास हजार हे कुणाला माहीत! हा विचार डोक्यात यायला मला चौदा महिने आणि एक इंजिन लागलं.

तरी मनात थोडी धाकधूक होती, म्हणून तीन महिन्यांनी सर्व्हिसला गाडी एका गॅरेजला दिली तेव्हा मुद्दाम सांगितलं की टायमिंग बेल्टपण बघून घ्या, लागला तर बदला. मी बाहेर बसलो होतो. ऑइल, फिल्टर, सगळं धरून चाळीस-पन्नास मिनिटांत गाडी हातात, आणि बिलात वेगळी ओळ, ‘टायमिंग बेल्ट तपासणी – ओके’, तिचे पैसे पण वेगळे लावलेले. मी ते बिल फाइलला लावलं आणि निर्धास्त झालो. आता कळतं की चाळीस मिनिटांत ऑइल बदलून वर ते कव्हर काढून बेल्ट बघून परत बसवणं कसं शक्य आहे, पण तेव्हा मला वाटलं, वा, काय फास्ट काम करतात!

आणि तिसरा दोष माझा. एक जाणकार भेटला होता, तो सरळ म्हणाला की मागचं काय ते विसर, तुझ्या नावावर गाडी आली तो दिवस शून्य धर आणि दोन्ही बेल्ट बदलून टाक. (९४४ ला दोन असतात, एक कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, आणि दुसरा बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा, आणि तो दुसरा तुटून पहिल्यात अडकला तरी खेळ खल्लास.) मला पटलं पण खर्च ऐकून मी म्हटलं पुढच्या सर्व्हिसला करू. त्यात माझ्या एका मित्राची पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५, १.६ लिटर, तिचा बेल्ट चालत्या गाडीत तुटला होता, टो करून नेली, नवा बेल्ट घातला आणि गाडी सुरू. तो म्हणायचा, "काही होत नाही रे, उगाच घाबरवतात." त्याचं खरंच काही झालं नव्हतं, कारण त्या इंजिनात बेल्ट गेला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत. माझ्या इंजिनात लागतात. फरक एवढाच, पण हा एवढाच फरक आम्हा दोघांनाही माहीत नव्हता आणि मी त्याच्या अनुभवावर माझी गाडी चालवत होतो.

जरा समजावून सांगतो, कारण मला पण कुणी आधी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. उघडा व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये जिथपर्यंत खाली येतो, तिथपर्यंत पिस्टनही वर येतो. जागा एकच, फक्त वेळा वेगळ्या, आणि त्या वेळा सांभाळायचं काम या रबरी पट्ट्याचं. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) दोनदा फिरला की कॅम एकदा फिरायचा, याच हिशोबाने, दात चुकता कामा नये. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. पट्टा गेला की कॅम जागेवर थांबतो, जे व्हॉल्व्ह उघडे राहिले ते तसेच उघडे, आणि खालून पिस्टन येतोच आहे. पुढचं सांगायला नको.

माझ्याकडे काय झालं, तर धडाम वगैरे काही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये होतो, चार हजारच्या आसपास, पुढून एक ‘टक्’ आवाज आला आणि इंजिन गप्प. बस. मला वाटलं पेट्रोल येत नाहीये की काय. गाडी गिअरमध्येच घरंगळत होती आणि मी क्लच दाबला तो पण उशिरा, म्हणजे तेवढा वेळ चाकं इंजिनला फिरवत होती आणि पिस्टन व्हॉल्व्हना ठोकत होते. कडेला थांबवून मी किल्ली फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि जलद फिरला, एकसारखा, शिवणयंत्रासारखा घर्रर्र, मधली ती नेहमीची ठेच नाही, कारण कॉम्प्रेशनच, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाबच, उरलं नव्हतं. हा आवाज लक्षात ठेवा. असा आवाज आला की किल्लीवरचा हात काढायचा. मी मात्र अजून तीन-चार वेळा फिरवली. काय वाचलं असेल नसेल ते पण गेलं असेल त्यात.

गाडी या वेळी दुसऱ्या, या गाड्यांचंच काम करणाऱ्या मेकॅनिककडे टो करून नेली. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. त्याने उघडायच्या आधी मला बोलावलं आणि कव्हरचे दहा नंबरचे बोल्ट दाखवले. म्हणाला, "हे बघा, हे कधी उघडलेत असं वाटतं का तुम्हाला?" बोल्टच्या डोक्यांवर आणि कव्हरच्या फटीत जुनं ऑइल आणि धूळ मिळून झालेला सलग काळा थर, नखाने खरवडला तर खपली निघावी असा. त्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. म्हणजे ‘तपासणी – ओके’ लिहिणाऱ्याने कव्हरला हातसुद्धा लावला नव्हता.

आत बेल्ट तुटलेला नव्हताच! अख्खा होता. पण क्रँकच्या गिअरपाशी, जिथे सगळ्यात जास्त ओढ बसते, तिथले वीतभर दात सफाचट झालेले, पट्ट्याचं अगदी बोळकं झालं होतं. दात निघालेल्या जागी आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या उघड्या पडलेल्या, पाठ घासून काचेसारखी चकचकीत, आणि जरा दुमडला की बारीक भेगा उघडायच्या. छापलेलं एक अक्षर शिल्लक नव्हतं. हात लावला तर बोटं ऑइलने काळी, कारण क्रँकचं पुढचं सील कधीपासून झिरपत होतं आणि ते ऑइल सगळं याच्यावर. रबराला ऑइल लागलं की ते मऊ पडून फुगतं आणि मग दात सुटायला वेळ लागत नाही. म्हणूनच म्हणतात की ४-५ वर्षं झाली की किलोमीटर बघू नका, बदला. गाडी नुसती उभी असली तरी पट्टा म्हातारा होतोच, उलट उभ्या गाडीत तो महिनोन्महिने एकाच जागी वाकलेला राहतो. ‘जपून ठेवलीय’ हे वाक्य ऐकून मी खूश झालो होतो ना, ते खरं तर घाबरायचं वाक्य होतं.

हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलं तर आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकलेले, व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात त्यातले दोन गाइड तडकलेले, पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारख्या खुणा. पिस्टन वाचले, तेवढं नशीब. आकडा सांगत नाही पण एकूण खर्च गाडी जेवढ्याला घेतली त्याच्या निम्म्याहून जास्त झाला, आणि वेळेवर बेल्टचं काम केलं असतं तर याच्या सहाव्या हिश्श्यात झालं असतं.

विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला बिल दिलंय ना तुम्हाला. मी म्हटलं ते अल्टरनेटरच्या बेल्टचं आहे, तर म्हणाला मी कुठे टायमिंग बेल्ट म्हणालो होतो, आणि आठवून बघितलं तर खरंच, ‘टायमिंग’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नव्हता, तो फक्त माझ्या प्रश्नात होता. शिवाय पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहून माझी सही घेतलेली. दुसऱ्या दिवसापासून फोन लागत नाही. आधीच्या गॅरेजवाल्याचं उत्तर अजून भारी, "तपासणी म्हणजे बाहेरून, आवाज ऐकून." बेल्ट कुठे आवाज करतो हो! वाजला तर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) नाहीतर रोलर वाजेल, पट्टा मरेपर्यंत गप्पच असतो. खूप भांडल्यावर तपासणीचे पैसे तेवढे परत दिले, ते पण उपकार केल्यासारखे.

आता मी काय बघतो ते सांगतो, कारण बरेच जण विचारतात. बिलात फक्त ‘बेल्ट’ नको, दोन्ही बेल्ट, टेन्शनर, रोलर, पुढची सील आणि वॉटर पंप यांचे पार्ट नंबर पाहिजेत, कारण ९४४ चा वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो आणि एवढं सगळं उघडलेलं असताना तो तसाच ठेवणारा मेकॅनिक एकतर घाईत असतो नाहीतर त्याने काही उघडलेलंच नसतं. आणि एक पक्की खूण जी विकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, नवा बेल्ट बसवल्यावर दोन-तीन हजार किलोमीटरने त्याचं टेन्शन परत तपासायचं असतं. म्हणजे काम खरंच नीट झालं असेल तर फाइलमध्ये त्यानंतरची दुसरी नोंद असते. पहिलं बिल आहे आणि दुसरं नाही, तर मी सरळ बदलला नाही असंच धरतो. विकणारा खरा असेल तर कव्हर काढून बघू द्यायला त्याची हरकत नसते, पैसे आपण द्यायचे, आणि का-कू करायला लागला की आपण चहाटळपणा न करता निघायचं.

हे फक्त पोर्शचं नाही. फेरारी ३४८ किंवा एफ३५५ चा बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, मग लोक काय करतात, बेल्टची तारीख जवळ आली की गाडीच विकायला काढतात. जुनी भारी गाडी स्वस्तात दिसली की मी आता किमतीआधी शेवटच्या बेल्टची तारीख बघतो, आणि बऱ्याचदा किंमत कमी का ते तिथेच कळतं.

माझ्या गाडीत सगळं नवीन पडलंय. ओडोमीटरचा तो टिचभर गिअरपण बदलला, आकडे परत पळायला लागलेत आणि ते पळताना बघून मला अजून मजा वाटते. जुना बेल्ट मेकॅनिककडून मागून आणला, भिंतीला खिळ्यावर लटकवलाय. परवा नव्या बेल्टचे दोन हजार किलोमीटर झाले, टेन्शन तपासायला गाडी न्यायचीय. म्हाताऱ्याला आधीच सांगून ठेवलंय की कव्हर उघडाल तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसणार आहे. तो म्हणाला, "बसा की, पण टॉर्च तुम्ही धरायचा."