डोंगरातल्या आयर्नमॅनसाठी गिअर आणि चाकं: ५२ की ५०, ८० की ५०?

आयर्नमॅन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायची लांब ट्रायथलॉन. फ्रान्समधल्या नीस शहरात ती डोंगरातून होते. सपाट रस्त्यांवर सराव केलेली सायकल आहे तशी नीसला न्यावी, की गिअर आणि चाकं बदलून न्यावी, हा प्रश्न त्या शर्यतीला नाव नोंदवलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो. मलाही पडला होता. दोन्ही प्रकारच्या जोडण्या वापरून झाल्यावर माझं मत एका बाजूला झुकलंय, ते आधीच सांगून टाकतो.

नीसमध्ये सायकलच्या १८० किलोमीटरमध्ये सुमारे २४०० मीटर चढ असतो. मार्गात वेळोवेळी बदल झालेत, पण त्या भागाची ओळख म्हणजे कोल द वाँस. २०१९ च्या ७०.३ (म्हणजे अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनच्या) जागतिक स्पर्धेत सगळे याच खिंडीवर चढले होते. वाँस गावापासून साधारण दहा किलोमीटर, सरासरी साडेसहा टक्के, माथा ९६० मीटरच्या आसपास. सिंहगड नेमाने चढणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. फक्त सिंहगड उतरल्यावर आपण पिठलं-भाकरी खाऊन घरी जातो, आणि इथे खाली उतरल्यावर प्रोमनाडवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, ४२ किलोमीटर पळायचं असतं.

आधी गिअर. आकडे दातांचे आहेत: पुढे पायडलपाशी मोठी आणि लहान चकती, मागे चाकावरच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट. पुढची चकती लहान किंवा मागची मोठी, तितका गिअर हलका. एकीकडे ५२/३६ आणि मागे ११-३०. दुसरीकडे ५०/३४ आणि मागे ११-३४. साडेसहा टक्क्यांवर आपल्यासारखा हौशी ट्रायथलीट ताशी बाराच्या आसपास चालतो, आणि त्या वेगाला ३६/३० वर (पुढे ३६, मागे ३०) केडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे, ७९-८० राहतो. म्हणजे सरासरी चढासाठी पहिली जोडणी खरं तर पुरते. अडतं ते सरासरीच्या वर. आठ-नऊ टक्क्यांचा तुकडा आला, वेग दहावर आला, की ३६/३० वर केडन्स ६६ होतो आणि ३४/३४ वर अजून ७९ असतो. ६६ काही वाईट नाही, बोपदेव घाटात आपण त्याहून कमी केडन्सवर कुथत चढलेलो असतो. पण ते दीड तासाच्या राइडमध्ये.

वरच्या टोकाला किती गमावतो? नव्वदच्या केडन्सला ५२/११ वर साधारण ५३-५४ चा वेग, ५०/११ वर ५१-५२. त्यापुढे उतारावर पायडल न मारता अंग आवळून बसणंच फायद्याचं. त्यामुळे ‘५० ने उतारावर स्पिन आउट होतो’, म्हणजे पाय नुसतेच फिरतात आणि वेग वाढत नाही, ही तक्रार मला कधी फारशी पटली नाही.

५०/३४ ची खरी तक्रार वेगळी आहे. शिमानो कंपनीच्या बारा स्पीडच्या (मागे बारा चकत्यांच्या) ११-३४ कॅसेटमध्ये १५ नंतर थेट १७ येतो, १६ नाहीच. ११-३० मध्ये तो आहे. समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर ३५ च्या वेगाने नव्वदचा केडन्स धरायचा तर ५० ला नेमका १६ लागतो! १५ वर जड, १७ वर पाय भिरभिरतात. सपाट रस्त्यावर हे मला दर वेळी खटकतं, आणि अजूनही त्यावर उपाय सापडलेला नाही. सहन करतो, झालं.

का सहन करतो? खाण्यासाठी.

लांब शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, हे सगळ्यांना पाठ असतं. ती नेमकी कधी घ्यायची, याचा विचार मात्र कमी जण करतात. सपाटीवर एअरोबारवरून (हँडलच्या पुढे आलेले, कोपरं टेकायचे दांडे) पाणी पिता येतं, तो भाग सोपा. डोंगरात खाण्याची हक्काची जागा म्हणजे चढ: वेग कमी, हवेचा त्रास नाही, एक हात मोकळा. फक्त त्यासाठी सीटवर बसून पाय शांतपणे फिरायला हवेत. जड गिअरवर मी उभा राहतो, दोन्ही हातांनी हँडल ओढतो, आणि एनर्जी जेलचं पाकीट खिशातच राहतं. तुकडा संपल्यावर घेऊ म्हणावं तर तेव्हा धाप लागलेली असते. ३४/३४ वर मी चढतानाच खाऊन मोकळा होतो. मिनिटामिनिटाचा हिशोब मी मांडलेला नाही, पण पळताना पोटात काहीतरी असल्याचा फरक मला जाणवतो.

आता चाकं. इथेही मला शेवटी त्याच गोष्टीने निर्णय घ्यायला लावला.

वजनाची चर्चा सोडून द्या. सायकल धरून ८५ किलोचा ऐवज, त्यात चाकांचे ३०० ग्रॅम वाचले तर वाँसच्या पूर्ण चढात दहाएक सेकंद मिळतील. पेट्रोल पंपाच्या रांगेत याहून जास्त वेळ जातो. उलट ८० मिमीचं डीप सेक्शन, म्हणजे ८० मिमी उंच रिमचं चाक, सपाटीवर आणि सरळ उतारावर वेगवान असतं, याबद्दल वाद नाही.

त्रास पुढच्या चाकाचा. वरच्या उघड्या पठारावर आणि उतारावर वारा सरळ येत नाही. वळण संपलं, डोंगराची आड गेली, की बाजूने धक्का बसतो. मागच्या चाकावर बसलेला धक्का फ्रेम सोसते, पुढच्यावर बसलेला थेट हँडल फिरवतो. ८० मिमी पुढे असताना मी पडलो नाही, घसरलोही नाही. पण उतारभर हात ब्रेकवरून सुटला नाही. बाटली काढली नाही, एअरोबारवर टेकलो नाही. म्हणजे ज्या वेगासाठी ते चाक घेतलं, तोही मिळाला नाही. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅनला डिस्क चाकावर (आऱ्यांऐवजी पूर्ण बंद चाकावर) बंदी आहे ती वाऱ्यामुळेच. नीसला तशी बंदी नाही, म्हणून मोह होतो.

माझी आताची चाकांची जोडी पुढे ५० मिमी, मागे ८०. हे दिसायला विजोड असतं, फोटोत तर फारच. खात्री करायची असेल तर साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या मधून, दोन्ही चाकं लावून फिरून या आणि चालत्या सायकलवर बाटली काढून पाहा. चाकं कुणाकडून तरी उसनी मिळतात, तेवढ्यासाठी विकत घ्यायची गरज नाही. रिम ब्रेकची कार्बन चाकं असतील तर लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. डिस्क ब्रेक असलेल्यांना ती काळजी कमी.

३४ चं कॅसेट घेण्याआधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राचा) पिंजरा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग, बघा. अकरा स्पीडच्या आखूड पिंजऱ्याचे डिरेलर ३० पर्यंतच घेतात, ३४ साठी लांब पिंजरा लागतो. चेनही बहुतेक नवी, लांब लागेल. हे काम निघण्याआधी निदान महिनाभर उरका, म्हणजे घाटात गिअर अडकतात का ते कळेल.

साठ किलोच्या आत वजन आणि दमदार पाय असतील, तर ५२/३६ ठेवायला माझी हरकत नाही. १६ दातांची चकती मिळेल, मला हेवा वाटेल. पुढचं चाक मात्र अशा माणसाने तर ५० मिमीच्या वर नेऊच नये. हलक्या माणसाला तोच वारा जास्त ढकलतो.