गुणतक्ता, चिठ्ठी की तोंडी तपासणी: उद्याचा तास कशावरून ठरवायचा?

नाशिक जिल्ह्यातल्या शाळांत मुलांच्या नोंदींना तोटा नाही. आकारिक (शिकवता-शिकवता होणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन २०१० पासून सुरू आहे, नियतकालिक चाचण्यांचे गुण भरावे लागतात, हजेरी तर रोजचीच. पण उद्या वर्गात काय घ्यायचं हे ठरवायला यातलं काय उपयोगी पडतं?

चाचणीचा गुणतक्ता वर्षभराची चढउतार दाखवतो. सत्राचं नियोजन, मुलांचे गट पाडणं, पालकांशी बोलणं यासाठी तो हवाच. मात्र नुसती बेरीज पाहू नका. वीसपैकी बारा मिळवणाऱ्या दोघांपैकी एकाचा हातचा चुकलेला असतो, तर दुसऱ्याला शाब्दिक उदाहरण वाचताच आलेलं नसतं. प्रश्ननिहाय तक्ता केला तरच हे दिसतं. आणि तो होईपर्यंत घटक बहुधा मागे पडलेला असतो.

तासाअखेरची चिठ्ठी इथे सरस ठरते. शेवटची पाच मिनिटं, एकच प्रश्न: ‘०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? का?’ पाचापेक्षा पस्तीस मोठे म्हणून ०.३५ लिहिणारी मुलं हमखास निघतात. त्या ‘का’मुळे चूक कुठून आली ते कळतं आणि उद्याची पहिली दहा मिनिटं ठरतात. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: जमलं, अर्धवट, मुळातच गोंधळ. प्रत्येक चिठ्ठी तपासत बसू नका. गुण तर मुळीच देऊ नका. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्याच्या जोडीला गुण मिळालेल्यांत तो फायदा दिसला नाही. गुण दिसला की मूल शेजारच्याचा गुण बघतं, शेरा तसाच राहतो.

सुरगाणा किंवा पेठच्या वाडीवरच्या शाळेत, विशेषतः दुसरी-तिसरीला, मी चिठ्ठीवर विसंबणार नाही. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला गणित कळलेलं असतं, पण प्रमाण मराठीत लिहिता येत नाही. अशा वेळी कोरी चिठ्ठी फसवते. तिथे तोंडी तपासणीच खरी. वाचनासाठी ‘असर’ या ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणातली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही उतरंड सोपी आहे. वेळ जातो, म्हणून रोज चार-पाच मुलंच घ्यावीत.

हजेरीपट यात कुणी धरत नाही, याचं मला वाईट वाटतं. द्राक्षांच्या कामाला आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडकडे गेलेलं मूल परतल्यावर चाचणीत मागे पडतं. त्याला ‘कच्चं’ म्हणण्याआधी गुणांशेजारी गैरहजेरीच्या तारखा मांडा. जो घटक त्याने ऐकलाच नाही, तो पहिल्यापासून शिकवायचा असतो. सरावाचे कागद देऊन भागत नाही.

‘शिकवणं आवडतं का?’ असे अभिप्रायाचे फॉर्म सोडून द्या. मुलं शिक्षकांना दुखवत नाहीत. ‘आज कुठे अडलं?’ एवढं विचारलं तरी पुरे.

शहरातल्या भरलेल्या वर्गात सहावी ते आठवीला शिकवत असाल तर आठवड्यातून दोनदा चिठ्ठी घ्या, गुणतक्ता सत्राअखेरीस पाहा. द्विशिक्षकी शाळेत तोंडी तपासणी आणि हजेरीपट यांची जोडी ठेवा. ज्या दिवशी चिठ्ठ्या वाचायला सवड नसेल, त्या दिवशी त्या घेऊ नका. लिहिलेल्याचं पुढे काही होत नाही हे मुलांच्या लवकर लक्षात येतं, मग सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘समजलं’ एवढंच येऊ लागतं.