पलटी मारली की थाप मारली? मत द्यायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघा

निवडणूक आली की हा वाद ठरलेला. एक जण म्हणणार सगळे खोटारडे आहेत, दुसरा म्हणणार अरे परिस्थिती बदलली की माणूस मत बदलणारच ना, आणि मग दोघं रात्री उशिरापर्यंत एकमेकांना जुने व्हिडिओ पाठवत बसतात. गंमत म्हणजे व्हिडिओवरून काहीच ठरत नाही, कारण भूमिका बदलणारा असो नाहीतर थापाड्या, काल एक आणि आज एक असे दोन व्हिडिओ दोघांचेही निघतातच. फरक आहे तो पहिला व्हिडिओ काढला तेव्हा त्याच्या मनात काय होतं यात. आता ते आपल्याला कसं कळणार, पण आजूबाजूला खुणा राहतात, त्यावरच भागवायचं.

आधी शुद्ध थाप कशी दिसते ते बघू, कारण इतकी स्वच्छ ती क्वचितच हाती लागते. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान फेरेन्स ज्युर्चानी यांचा पक्ष एप्रिल २००६ मध्ये निवडणूक जिंकला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी बंद दाराआड आपल्याच खासदारांना सांगून टाकलं की गेली दीड-दोन वर्षं आपण खोटंच बोलत आलोय, सकाळी बोललो, रात्री बोललो, संध्याकाळी पण बोललो. मधे मधे शिव्याही भरपूर. त्या भाषणाची टेप सप्टेंबरमध्ये फुटली आणि बुडापेस्टमध्ये चिडलेले लोक सरकारी टीव्हीच्या इमारतीत घुसले. साहेबांचं म्हणणं असं की मी तर हे खोटं आता बंद करू या म्हणून बोलत होतो, आणि भाषण पूर्ण वाचलं तर त्यात थोडं तथ्य आहे पण, फक्त मत एप्रिलमध्येच देऊन बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

त्याच्या शेजारी जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, अँगेला मर्केल यांना ठेवा. २०१० मध्ये त्यांच्या सरकारने जर्मनीतल्या अणुभट्ट्यांची मुदत सरासरी १२ वर्षांनी वाढवली. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात मोठा अपघात झाला, आणि काही दिवसांतच यांनी जुन्या भट्ट्या थांबवल्या, जूनमध्ये तर २०२२ पर्यंत सगळ्याच बंद करायचं संसदेत मंजूर करून टाकलं. म्हणजे पूर्ण घूमजाव. पण कारण सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं होतं, आणि बाईंनी संसदेत उभं राहून सांगितलं की फुकुशिमाने माझं मत बदललं. आता खोच अशी की त्याच मार्चच्या शेवटी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात निवडणूक होती, त्यामुळे मतांसाठीच उडी मारली असं तेव्हाही लोक म्हणाले, आणि ते अगदीच खोटं असेल असं मलाही वाटत नाही. (ती निवडणूक त्यांचा पक्ष हरलाच, जवळपास ५८ वर्षांची सत्ता गेली तिथली.) तरीसुद्धा मी हे भूमिका बदलण्याच्याच खात्यात टाकेन, कारण २०१० मध्ये बोलताना फुकुशिमा कुणालाच माहीत नव्हतं.

ही दोन टोकं झाली. खरी डोकेदुखी मधल्या लोकांची.

अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थोरले बुश घ्या. १९८८ च्या पक्ष अधिवेशनात माझे ओठ वाचा, नवीन कर नाहीत असं ठणकावून सांगितलं, आणि १९९० मध्ये तूट आवरेना, संसद विरोधकांच्या हातात, तेव्हा कर वाढवायला मान्यता दिली. हे वाक्य भाषणाच्या मसुद्यातून काढून टाका असं त्यांच्याच आर्थिक सल्लागाराचं म्हणणं होतं, पण ते राहिलं, कारण वाक्य जबरदस्त होतं! याला खोटं म्हणायचं का? मला वाटतं नाही, याला बेफिकिरी म्हणायचं, जमेल न जमेल याचा हिशोब न करता शब्द देऊन टाकला. आणि शब्द फिरवला तो स्वतःच्या नुकसानीत फिरवला, १९९२ ला आधी स्वपक्षातल्यांनी आणि मग क्लिंटननी तेच वाक्य त्यांच्यावर उलटवलं आणि ते हरले. शब्द फिरवून माणसाला काय मिळालं आणि काय गेलं हे बघत चला, ही खूण बऱ्यापैकी कामाची आहे.

पण सगळ्यात जास्त शिकण्यासारखी केस मला निक क्लेग यांची वाटते, कारण यात एकाच माणसाचं खातं मधेच बदलतं. २०१० च्या ब्रिटिश निवडणुकीत ते नेते असलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी विद्यापीठाची फी वाढवण्याच्या विरोधात मत देऊ असं सही करून लिहून दिलं, हातात तो कागद धरून फोटो काढले. मग निकाल त्रिशंकू लागला, हे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाबरोबर सरकारात गेले आणि डिसेंबरमध्ये फीची मर्यादा साधारण ३,३०० पौंडांवरून थेट ९,००० पौंडांवर न्यायला संसदेने मंजुरी दिली. इथपर्यंत ऐकलं तर माणूस म्हणेल ठीक आहे, आघाडीत दुसऱ्याचं ऐकावं लागतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेपरात छापून आलं की निवडणुकीच्या दोन महिने आधीच पक्षाच्या वरच्या लोकांच्या अंतर्गत कागदांत लिहिलेलं होतं, त्रिशंकू झालं तर वाटाघाटीत हा फीचा मुद्दा ताणायचा नाही. म्हणजे बाहेर सही चालू आणि आत सोडून द्यायची तयारी चालू. एक कागद बाहेर आला आणि "नाइलाज" चा "ठरवून" झाला. २०१२ मध्ये क्लेग यांनी व्हिडिओवर माफी मागितली ती पण नीट ऐका, शब्द मोडल्याची नाही, असा शब्द दिल्याची. २०१५ ला ५७ खासदारांचे ८ राहिले.

याच्या उलटं पण होतं, म्हणजे "मत बदललं" हेच पांघरूण असतं. बराक ओबामांनी १९९६ मध्ये एका प्रश्नावलीत समलिंगी विवाहाला पाठिंबा असल्याचं लिहून दिलं होतं, २००८ च्या प्रचारात म्हणाले लग्न म्हणजे एक पुरुष एक स्त्री, नंतर म्हणाले माझं मत हळूहळू बदलतंय, आणि २०१२ मध्ये उघड पाठिंबा. वरून बघितलं तर विचार करत करत पुढे गेलेला माणूस. पण त्यांचेच सल्लागार ॲक्सलरॉड यांनी २०१५ मध्ये लिहिलं की मनातून ते आधीपासून बाजूनेच होते, मतं जातील म्हणून गप्प राहायचा सल्ला दिला गेला होता. शेवटची भूमिका आवडली म्हणून आपण याला माफ करून टाकतो, मी पण केलं, पण मग नावडत्या नेत्याला त्याच गोष्टीसाठी शिव्या घालायचा हक्क आपला जातो ना.

कायदा यात काही मदत करेल अशी आशा ठेवू नका. ब्रिटनमध्ये फिल वुलस यांची निवड २०१० मध्ये कोर्टाने रद्द केली ती प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवलं म्हणून, भारतातही उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा भ्रष्ट आचार आहे, पण जाहीरनाम्यातली आश्वासनं त्यात येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. थोडक्यात दुसऱ्याबद्दल खोटं बोललात तर अडकाल, स्वतः काय करणार याबद्दल बोला बिनधास्त.

मग ठरवायचं कसं, तर मी आधी तारीख बघतो, शब्द फिरवायच्या आधी बाहेर खरंच काही घडलं होतं का, की फक्त सर्वे बदलला होता. मग बघतो की तोंडाने कबूल करतो का. "हो, मी तेव्हा असं म्हणालो होतो, आता असं वाटतं" एवढं म्हणणारा माझ्या यादीत एकदम वर जातो, आणि "मी तेव्हाही हेच म्हणत होतो, तुम्हीच चुकीचं समजलात" म्हणणारा तळाला, कारण त्याने पलटी मारली ती मारली आणि वर तिच्यावर थाप पण मारली. कधीच न बदलणाऱ्याला मी वेगळे मार्क देत नाही, दगड पण बदलत नाही. आणि सगळेच खोटारडे म्हणून मतच न देणाऱ्यांसाठी एवढंच की वेगवेगळ्या देशांत अभ्यासकांनी जाहीरनामे मोजून बघितलेत आणि सत्तेत आलेले पक्ष निम्म्याहून जास्त आश्वासनं निदान अर्धीमुर्धी तरी पाळतात, एकट्याचं सरकार असेल तर आघाडीपेक्षा जास्त.

आता आघाडीवरून आठवलं. २००५ ला जर्मनीत मर्केल यांचा पक्ष म्हणत होता विक्रीकर १६ वरून १८ टक्के करणार, समोरचा सोशल डेमोक्रॅट पक्ष म्हणत होता अजिबात वाढू देणार नाही, त्यावरच प्रचार केला त्यांनी. निकालानंतर दोघं एकत्र सरकारात बसले आणि जानेवारी २००७ पासून कर झाला १९ टक्के. दोन आणि शून्यमध्ये तडजोड काढली तर तीन! वर सोशल डेमोक्रॅट नेते म्युंटेफेरिंग यांची तक्रार अशी की प्रचारात काय बोललो यावरून आम्हाला जोखणं हा अन्याय आहे. यांना कुठल्या खात्यात टाकायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.