मरीन प्लायच्या नावाखाली ७८,००० रुपये घालवले

७८,००० रुपये. त्यातले १०,००० फोनवरून, ६८,००० रोख, आणि एकाही रुपयाची पावती माझ्याकडे नाही. सांगायला लाज वाटते. पण बोटीच्या डेकच्या कामात आम्हाला फसवणाऱ्या मिस्त्रीलाच परवा पलीकडच्या काठावरच्या एका बोटवाल्याने काम दिल्याचं कानावर आलं आणि गप्प बसवेना.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमची पाँटून बोट आहे. खाली दोन लांब लोखंडी नळकांडी, वर अँगलचा सांगाडा, त्यावर प्लायचा सपाट डेक. २४ फूट लांब, ८ फूट रुंद. थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला माणसं येतात, त्या चार महिन्यांवर आमचं वर्ष निघतं. २०१६ ला जुनीच घेतली होती, १,८५,००० ला. नळकांडी अजून धड होती, डेक मात्र कुजत चालला होता. याच पाण्यावर २०२४ च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा जीव गेले. तेव्हापासून डेकची फळी नुसती कुरकुरली तरी माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून स्वस्तातलं काम मी मागितलंच नव्हतं. "पैसे लागले तर लागू देत, पण प्लाय मरीनच टाका," हे माझे शब्द होते.

मिस्त्रीने हिशेब कागदावर लिहून दिला. आयएस ७१० चं (हे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) १९ एमएम प्लाय, सात शीट, प्रत्येकी ३,८०० प्रमाणे २६,६००. स्टीलचे बोल्ट ४,२००. फायबर मॅट, रेझिन, हार्डनर मिळून १८,५००. पीयू पेंट आणि थिनर ६,७००. मजुरी २२,०००. आकडे मी पतसंस्थेत काम करणाऱ्या माझ्या दिरांना दाखवले. ते एकच म्हणाले, "वहिनी, प्लायचं पक्कं बिल घ्या." मी मिस्त्रीला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "घेऊ की ताई, पण अठरा टक्के वर पडतील. सरकारला देण्यापेक्षा तुमच्याकडेच राहू देत." २६,६०० चे अठरा टक्के म्हणजे ४,७८८ रुपये. मी तिथंच हो म्हणाले. दिवाळी तोंडावर होती, नोव्हेंबरची तीन बुकिंगं घेतलेली होती आणि घरात रोकड मोजकी होती. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी ४,७८८ रुपये वाचवलेच असते. त्या नसलेल्या बिलाने पुढे सगळी दारं बंद केली.

पण बिलाचं मी समजू शकते. जे समजत नाही ते त्या सकाळचं. टेम्पो वरच्या रस्त्यावर थांबला, कारण खाली घाटापर्यंत चढउताराची पायवाट आहे. आणि मिस्त्रीचा पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, किडकिडीत, एकेक शीट डोक्यावर घेऊन एकटा उतरत होता. धावत. सातही शीट त्याने अर्ध्या तासात खाली आणली. मी वर उभी राहून बघत होते. त्याला चहा दिला, "केवढी ताकद आहे रे तुझ्यात" असंही म्हणाले. १९ एमएमची आठ बाय चारची खरी मरीन शीट चाळीस किलोच्या आसपास भरते, ती अशी एकट्याने पळवत नेता येत नाही. दहा वर्षांपूर्वी आधीचा डेक बसवताना दोन गडी एक शीट धरून, मध्ये टेकत टेकत आणत होते, तेही मी बघितलं होतं. माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं! आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. रात्री जाग येते ती त्या पोराची पावलं आठवून.

शीटवर लाल शाईत आयएस ७१० छापलेलं होतं, कडाही लाल होत्या. शिक्का कुणीही मारू शकतं आणि कडा रंगवता येतात. एक कोपरा कापून बघायला हवा होता. आत पांढरट, हलकं लाकूड, थरांमध्ये बोटभर पोकळ्या आणि त्या पुट्टी भरून लिंपलेल्या, हे सगळं आम्हाला नंतर दिसलं.

फायबरमध्येही, म्हणजे पाणी अडवायला प्लायवर चढवायच्या थरातही, तेच. १९२ चौरस फुटांवर मॅटचे दोन थर द्यायचे तर चाळीस किलोच्या आसपास रेझिन जिरतं. घाटावर रिकामा डबा सापडला एकच, वीस किलोचा. वरून एक पातळ थर, खालून काहीच नाही. बोटीच्या डेकला पाणी खालून लागतं. रिकामे डबे मोजा, ते टाकू देऊ नका.

काम संपलं तेव्हा डेक आरशासारखा चमकत होता. मी उरलेले २८,००० रोख मोजून दिले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका पाहुण्या आजींचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. खरचटण्यावर निभावलं, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याचंच जास्त लागलं. त्या दिवशीचे पैसे परत केले. बोट बांधून ठेवली. डेकचा एक तुकडा कापून कुकरमध्ये उकळला. आयएस ७१० चं प्लाय ७२ तास उकळून टिकायला हवं. आमच्या तुकड्याचे थर दोन तासांत सुटे झाले.

मिस्त्री आधी "सीझन संपला की बदलून देतो" म्हणाला, मग फोन बंद.

आता पोलिसांचं ऐका. बोट एका जिल्ह्यात, मिस्त्री दुसऱ्या जिल्ह्यातला, प्लायचं दुकान तिसऱ्या. उजनीचं पाणी पुणे, सोलापूर आणि नगर अशा तिन्हींकडे पसरलंय आणि मला तिन्हींकडे फिरवलं. "आमची हद्द नाही." "जिथे पैसे दिले तिथे जा." तिसऱ्या ठिकाणी हवालदार म्हणाले, "काम केलं ना त्याने? मग फसवणूक कुठं? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी परत आले. नंतर दिरांनी वाचून सांगितलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्यासाठी हद्दीचं कारण सांगताच येत नाही. हद्द कुणाचीही असो, नोंद घ्यायची. आणि खोटा आयएसआय शिक्का हा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) कायदा २०१६ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड. हे सांगायला पुन्हा गेले, तर साहेब बंदोबस्ताला होते. पुन्हा गेले, तर बदली झालेली. जाण्यायेण्यात २,३४० रुपये गेले ते वेगळेच.

ग्राहक तक्रारीसाठी गेले तिथल्या बाबूने बोट म्हटल्याबरोबर फाईल परत सरकवली. "धंद्यासाठी घेतलंय ना? तुम्ही ग्राहक नाही." खोटं आहे हे! २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी घेतली' असं धरत नाहीत. बोट मी चालवते, तिकीट माझी मुलगी फाडते, आत्याबाई भाकरी थापतात. हा व्यापार आहे का? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही, हे त्याने सांगितलं नाही, मला शोधावं लागलं. तक्रार ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर आता ऑनलाईन टाकली आहे. पुरावा म्हणून हाताने लिहिलेला हिशेब, १०,००० चा फोनवरचा व्यवहार आणि एक फोटो.

तो फोटो नशिबाने निघाला. मुलीने टेम्पो आल्यावर हौसेने काढला होता, त्यात शिक्क्याखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे बीआयएसचा परवाना क्रमांक, वाचता येतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला तर परवाना भलत्याच वस्तूचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं. माल उतरण्याआधी करा, नंतर नाही. शीट वजनकाट्यावर ठेवा. बोल्ट चुंबकाला चिकटत नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका, हलकं २०२ ग्रेडचं स्टीलही चिकटत नाही आणि पाण्यात गंजतं, आमचं गंजलं. प्लाय तुम्ही स्वतः दुकानात जाऊन, जीएसटीच्या बिलावर, "आयएस ७१०" असं बिलात लिहून घ्या. मिस्त्रीला फक्त मजुरी द्या, शेवटचा हप्ता महिनाभर डेक पाण्यात राहिल्यावर.

बोट अजून काठावर उघडी पडली आहे. शिक्का असलेला डेकचा तुकडा मी पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. उजनीवर कुणी गेल्या वर्षात डेक बदलला असेल तर आपल्या शीटवरचा क्रमांक घेऊन या, आमच्या तुकड्याशी ताडून बघू. दोघींचे किंवा तिघांचे क्रमांक जुळले तर पुढच्या वेळी ठाण्यात मी एकटी जाणार नाही.