एक बंदूक, वापरणारे दोघे: नाव चढवावं, नावावर करावी की दुसरा परवाना काढावा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत शेतीसंरक्षणासाठी घेतलेली बंदूक आहे. परवाना वडिलांच्या नावावर असतो आणि रात्री भातात डुक्कर शिरलं की बॅटरी घेऊन उठतो तो मुलगा. वडिलांचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. "मुलगाच तर आहे माझा, त्याला वेगळे कागद कशाला?" असं ते म्हणतात आणि घरात सगळ्यांना ते पटतंही.

शस्त्र अधिनियम, १९५९ ला मात्र 'घरची बंदूक' हा प्रकार माहीत नाही. परवान्यावर नाव असलेला माणूस आणि त्यावर नोंदवलेल्या क्रमांकाचं हत्यार, एवढी जोडीच तो ओळखतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षांची कैद झाली आहे. शिवाय, समोरच्याला बंदूक बाळगण्याचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता ती त्याच्या हाती देणं हा वेगळा गुन्हा. म्हणजे अडकले तर बापलेक दोघेही.

एक सवलत कायद्यातच आहे आणि ती बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते. परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकालाच वापरता यावी म्हणून. मुलगा चिठ्ठी घेऊन बंदूक तालुक्याला दुरुस्तीला घेऊन गेला तर ठीक. तीच चिठ्ठी खिशात ठेवून रात्री मळ्यात बार काढला तर त्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

मग कायदेशीर वाटा उरतात तीन.

पहिली वाट म्हणजे वडिलांच्या परवान्यावर मुलाचं नाव रिटेनर म्हणून चढवणं. बँकेच्या दारातल्या सुरक्षारक्षकाच्या हातातली बंदूक पुष्कळदा याच पद्धतीची असते: परवाना एकाचा, वापरणारा नोंदलेला दुसरा. जिल्हादंडाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, मुलाची पोलिस पडताळणी होते आणि मंजुरी मिळाली तर नाव चढतं. मिळेलच असं गृहीत धरू नये. मुलगा तिथे वापरणारा का हवा, याचं कारण अर्जात नीट लिहावं: वडिलांचं वय, आजारपण, सातबाऱ्यावरची शेती आणि मुलगा गावातच राहतो याचा पुरावा. या वाटेचा फायदा उघड आहे. वडिलांचा परवाना शाबूत राहतो आणि दोघांच्या हातात बंदूक कायदेशीर असते.

तोटा मात्र नीट समजून घ्या. रिटेनरचा हक्क हा उसना हक्क आहे. परवान्याची मुदत (आता पाच वर्षं, पूर्वी तीन होती) संपली किंवा परवाना निलंबित झाला, की मुलाचाही हक्क त्याच क्षणी संपतो. वडील गेले तर त्या दिवसापासून घरात असलेली बंदूक विनापरवाना ठरते. ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. घरात सुतक असताना हे कुणाला सुचणार? पण कायदा तेराव्यापर्यंत थांबत नाही.

दुसरी वाट हस्तांतराची. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे आणि ती फक्त मृत्यूनंतरची नाही. परवानाधारकाचं वय सत्तर झालं असेल किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच आपला वारस निवडून बंदूक त्याच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. कोकणातल्या बहुतेक जुन्या बंदुकांना पंचवीस वर्षं कधीच उलटून गेलीत. वारसाला सगळ्या अटी लागूच असतात: वय किमान एकवीस, पोलिस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षिततेचं प्रशिक्षण, आणि त्याच्याकडे आधीची धरून एकूण दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रं होता कामा नयेत.

माझं मत विचाराल तर सत्तरी ओलांडलेल्या वडिलांनी रिटेनरच्या भानगडीत न पडता सरळ हस्तांतर करावं. कारण कायद्यापेक्षा घरातलं आहे. वडील हयात असताना त्यांनी सांगितलेलं नाव चालतं. ते गेल्यावर बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं गोळा करावी लागतात: एक भाऊ डोंबिवलीला, बहीण बडोद्याला, आणि तिसऱ्याशी आगरावरून बोलणं बंद. सातबाऱ्यावर सह्या मिळवताना जे होतं तेच इथे होतं, आणि तेवढे दिवस बंदूक ठाण्यात पडून असते.

अडचण एकच आणि ती साधी नाही. हस्तांतर झालं की वडिलांनी त्या बंदुकीला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं दसऱ्याला ज्यांनी ती पुसून पाटावर ठेवली, त्यांना हे सांगणं जड जातं. पूजा करायला हरकत नाही, पण बंदूक कपाटातून काढणार आणि परत ठेवणार मुलगा.

तिसरी वाट, मुलाचा स्वतंत्र परवाना आणि स्वतंत्र बंदूक. वडील पन्नाशीतले, दोघेही धडधाकट आणि शेती दोन वेगळ्या ठिकाणी असेल तर हेच योग्य. दोन भावांची चूल वेगळी झाली असेल तर दुसरा पर्यायच नाही. एका परवान्यावर दोन घरं चालवायचा प्रयत्न करू नका, उद्या बांधावरून वाजलं तर त्याच बंदुकीची तक्रार आधी होईल. पण नवा परवाना मिळणं अवघड झालं आहे. दाजीपूर-राधानगरीच्या घाटाखालच्या गावांत तर आणखी अवघड, कारण अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते.

आणि परवाना कोणताही असो, तो डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. तो अर्ज करताना प्रत्यक्ष बंदूक कोण चालवणार त्याचंच नाव द्या. शस्त्र परवान्यावर एक नाव, वन विभागाच्या कागदावर दुसरं, असं झालं की दोन्ही कागद असून नसल्यासारखे.

आता बंदूक ठेवायची कुठे? घरी, विक्रेत्याकडे की ठाण्यात?

घरी ठेवायची तर कपाट वेगळं हवं. घरातलं नेहमीचं लोखंडी कपाट मजबूत असतं, पण त्यात साड्या, दागिने, शाळेचे दाखले, लाइटची बिलं सगळंच असतं. किल्ली खुंटीला लटकलेली, दिवसातून दहा वेळा उघडझाक. बंदुकीसाठी अरुंद, उंच कपाट करून घ्या आणि ते आतून बोल्टने भिंतीला पक्कं करा. काडतुसं किंवा बंदुकीची दारू, छर्रे आणि केपा (घोडा पडला की दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) दुसऱ्या कुलपात. दारू ओल आणि चुलीपासून लांब, आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच. किल्लीचा नियम कागदाप्रमाणे: ज्याचं नाव परवान्यावर, त्याच्याकडेच किल्ली. रिटेनर नोंदला असेल तर दोघांकडे. नोंद नसेल तर मुलाला किल्ली कुठे आहे हेही माहीत नसावं. हे विचित्र वाटतं, पण 'बंदूक त्याच्या ताब्यात होती का' हा प्रश्न उठला की किल्लीकडेच बोट जाणार.

ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे लांब गजाने ठासून भरायच्या बंदुकीचं, प्रकरण आणखी निराळं. काडतुसाची बारा बोअरची उघडली की काडतूस आहे की नाही ते दिसतं. ठासणीच्या नळीत बाहेरून काहीच दिसत नाही. हंगामात ठासून कोपऱ्यात उभी करायची आणि केप काढली की ती 'रिकामी' समजायची, अशी सवय पुष्कळांना आहे. दोघे वापरणारे असले की हीच सवय जीवावर बेतते, कारण काल कुणी ठासली हे आज दुसऱ्याला ठाऊक नसतं. उपाय जुना आहे. नळी पूर्ण रिकामी असताना गज आत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवायची. बंदूक हातात घेणाऱ्याने केप नसल्याची खात्री करून, नळीचं तोंड स्वतःपासून आणि माणसांपासून दूर धरून, दरवेळी गज सोडून पाहायचा. खूण नळीच्या वर राहिली तर आत भरलेलं आहे. भरलेली बंदूक कपाटात ठेवायची नाही, मग रात्र कितीही झालेली असो.

विक्रेत्याकडे भाड्याने ठेवणं शहरात राहणाऱ्याला सोयीचं. मुंबई-पुण्यात नोकरी आणि गावचं घर पावसाळाभर बंद, असं असेल तर यासारखा पर्याय नाही. विक्रेत्याच्या परवान्यात हत्यारं सांभाळायला ठेवून घेण्याची मुभा आहे ना, ते आधी पाहा आणि पावतीवर क्रमांक, बंदूक कुणी बनवलेली आहे ते आणि नळीची अवस्था लिहून घ्या. शेतीसाठी बंदूक हवी असलेल्याला मात्र याचा उपयोग नाही. डुक्कर दुकान उघडायची वाट बघत नाही.

ठाण्यात जमा करणं हा निवडीचा भाग कमी, सक्तीचा जास्त. निवडणुकीच्या काळात छाननी समिती ठरवेल त्यांना बंदूक जमा करावी लागते. ठाण्यात बंदूक सुरक्षित राहते, पण तिला तेल लावायला तिथे कुणी रिकामं नसतं. जमा करण्याआधी नळी आतून-बाहेरून तेलाने पुसा आणि कापडी गवसणीत घालून देऊ नका. खाऱ्या हवेत गवसणी ओल धरते आणि दोन महिन्यांत नळीवर तांबेरा चढतो. घरच्या कपाटालाही हेच लागू आहे. परवान्यावर दोन नावं असतील तर जमा-पावतीची झेरॉक्स दोघांकडे असू द्या.

कोणतीही वाट धरा, अर्जापूर्वी एक काम उरकून घ्या. बंदूक उजेडात न्या आणि नळीवरचा क्रमांक परवान्याच्या पुस्तिकेशी आकडा-आकडा ताडून पाहा. जुन्या ठासणीच्या बंदुकांवरचे आकडे घासून गेलेले असतात. कधी काळी नळी बदललेली असते आणि नोंद जुनीच राहिलेली. तफावत निघाली तर मूळ परवानाधारक हयात असतानाच, त्याच्या सहीनिशी, ती दुरुस्तीसाठी कळवा. हस्तांतराचा अर्ज त्यानंतर.