पद्मिनी घेताय? आधी डाव्या मडगार्डला लोहचुंबक लावा

1,85,000 रुपये. 25,000 टोकन, 1,20,000 बँकेतून आणि 40,000 रोख, कारण विकणारा म्हणाला, ‘मालकीणबाईंना रोखच हवेत’. बदल्यात मिळालेली ‘1987 ची, एकहाती (म्हणजे एकाच मालकाची), डॉक्टरांची’ प्रीमियर पद्मिनी आमच्या सोसायटीत उभी आहे आणि ती माझ्या नावावर होणं शक्य नाही.

गाडीची निवड चुकली असं कुणी म्हणू नका. मला झाकून ठेवायची गाडी नको होती, रविवारी चालवायची होती. 1089 सीसीचं साधं इंजिन, जुन्या मेस्त्रींना तोंडपाठ. पार्ट अजून मिळतात. स्टिअरिंगजवळचा गिअर तर मी वडिलांच्या फियाटवरच शिकलो. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, सगळे हळवे झाले, आणि तेव्हापासून ‘डॉक्टरांच्या गाड्या’ फारच निघायला लागल्या.

धंदा तुम्हाला माहीत असेल. कागद एका संपलेल्या गाडीचे, पत्रा दुसरीचा. माझ्या वाट्याला आलेला पत्रा टॅक्सीचा होता.

आणि तो मला दिसला होता, हेच डाचतं! मागच्या दाराचं वरचं रबर सुटलेलं होतं, आत पिवळा रंग. मी बोट ठेवून विचारलं. विकणारा म्हणाला, ‘साहेब, प्रायमर आहे तो.’ प्रायमर करडा असतो नाहीतर तांबडा, हे आमच्या गेटला रंग देणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. बॉनेटखाली चेसिस नंबरच्या, म्हणजे गाडीच्या ओळख-क्रमांकाच्या, पाटीचे रिव्हेट लखलखत होते. इतक्या जुन्या गाडीत ते नवे कुठून येणार? डाव्या मडगार्डवर, जिथे टॅक्सीचा मीटर असायचा, तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. तरी मी पुढे गेलो, कारण त्याआधीच त्याने मला हुशार ठरवलं होतं. ‘व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर काढून देतो’ म्हणाला. मी लगेच अडवलं: 2021 च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, शिवाय ती रोज चालवता येत नाही. तो हसला. ‘साहेब, तुमचा अभ्यास आहे.’ आता वाटतं, ती थाप पकडली जावी म्हणूनच मारली होती.

ऑनलाइन नोंद दिसत नव्हती, तेही मी विचारलं होतं. ‘तीन अक्षरी जुना नंबर आहे, बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुनी नोंद संगणकात नव्याने चढवावी लागते.’ ही गोष्ट मात्र खरी आहे. जुन्या कित्येक गाड्यांची नोंद खरोखर ऑनलाइन नसते. मग शंका घ्यायची कशावर, सांगा.

आरटीओत चेसिस नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवायला गेले तर भोवती वेल्डिंग. इन्स्पेक्टरने फाइल परत केली. ‘पोलिसांत जा.’ पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे, हे मी सांगितलं तर मलाच विचारलं, ‘वकील आहात का?’ मग म्हणे, नंबरात खाडाखोड आहे असं आरटीओचं लेखी आणा. आरटीओ म्हणे, पोलिसांचं पत्र आल्याशिवाय आम्ही लेखी देत नाही. या दोन इमारतींत पायी सात मिनिटांचं अंतर आहे, पण एकाने दुसऱ्याला फोन करायचा नाही! मग पोलीस म्हणाले, ‘व्यवहार तिकडे झाला ना, मग तिकडच्या ठाण्यात जा.’ तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता तिथे जा. एका साहेबांनी तर सल्ला दिला, ‘पार्ट काढून विका, थोडे सुटतील.’ म्हणजे पुरावाच विका! आणि एजंटाने या सगळ्यात 8,500 घेतले ते वेगळेच.

रोख देऊ नका. कुणाच्याही मालकीणबाईंना देऊ नका. चेसिस नंबर टोकनच्या आधी स्वतः उतरवा आणि मूळ आरसी ज्या आरटीओची, तिथल्या रजिस्टरशी जुळवून घ्या, बॅकलॉगची कथा ऐकू नका. छताचं अस्तर कोपऱ्यातून सोडवून आतला रंग बघा, विकणारा नको म्हणाला तर निघा. लोहचुंबक खिशात ठेवा, लांबीवर तो धरत नाही. मेस्त्री आपला न्या. मी नेला तो विकणाऱ्याच्याच ओळखीचा निघाला, ते 1,500 आणखी.

त्या विकणाऱ्याची नवी जाहिरात सुरू आहे. पांढरी पद्मिनी, एकहाती, या वेळी निवृत्त प्राध्यापकांची, 2,10,000. सगळे फोटो उजव्या बाजूने काढलेत.