गरोदर जोडप्यांचा वर्ग: पैसे वसूल, पण सासूला कोण बोलावणार?

आमच्या तालुक्याला एका खाजगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी गरोदर बायांचा आणि त्यांच्या नवऱ्यांचा वर्ग भरतो. पाच शनिवारांचे मिळून पाचशे रुपये. नवरा आला नाही तरी पैसे तेवढेच, म्हणून बायको म्हणे, "मंग चला नं तुम्हीबी, पैसे काहून सोडायचे?"

जागेबद्दल आधी सांगून टाकतो. जिना अरुंद आणि कठडा एकाच बाजूला. आठव्या महिन्याच्या बाईला तो चढायला लावणं काही बरोबर नाही. खाली मेडिकलमागची मोठी खोली रिकामी पडलेली असते. वर कूलर आहे, पण मागे बसलं की कूलरच ऐकू येतो.

एक शनिवार डॉक्टरसाहेबांचा. पडद्यावर इंग्रजी चित्रं आणि शेवटी प्रोटीन पावडरचा डबा. डबा नाही घेतला तरी चालते. एक शनिवार गर्भसंस्काराचा, मोबाईलवर वीणा लावून डोळे मिटून बसायचं. बायांना तेवढाच आराम मिळाला, म्हणून माझी तक्रार नाही.

कामाचं सगळं सिस्टरकडून मिळालं. त्या आल्या आणि पहिलं वाक्य आम्हा पुरुषांना, "भाऊ, मांगं काहून बसले? लेकरू का एकटीचं आहे?" मग सरळ विचारलं, फवारणीचे कपडे घरी कोण धुते? सगळे खालच्या सतरंजीकडे पाहू लागले. "आता तुम्ही धुवायचे. वेगळ्या बादलीत. आन् पंप घरात आणायचा नाही, खोलीत औषधाचे डबे ठेवायचे नाहीत." २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. पण पोटातल्या लेकराशी ती गोष्ट जोडून सांगणारं मला तरी दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

गोळ्यांचंही तसंच. लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस, चहासोबत नाही. कॅल्शियमची तिच्यासोबत घ्यायची नाही, मधे दोन तास जाऊ द्यायचे. शी काळी होते ती गोळीनं, घाबरून बंद करायची नाही. बाजूच्या गावच्या एका बाईनं त्याच भीतीनं अख्खं पाकीट तसंच ठेवलं होतं, ते वर्गातच निघालं. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, लेकराची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळची वाट पाहायची नाही, सरकारी ॲम्ब्युलन्ससाठी १०२ ला फोन लावायचा. आणि नाल्याला पूर असेल तं? गाडी कोणाची, पलीकडच्या बाजूला कोण उभं राहील, रक्त लागलं तर कोण देईल, हे त्यांनी प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतलं.

कळा सुरू झाल्यावर कंबर कशी दाबायची, ते आम्हाला आधी आमच्याच अंगावर कळलं. भिंतीला हात टेकवून उभं केलं आणि माकडहाडाच्या जरा वर तळहाताच्या बुडानं असं दाबलं की मी पुढंच सरकलो. "एवढा जोर. कुरवाळू नका, कुरवाळून काही होत नाही."

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार, त्याची तपासणी दोघांची करा, हेही त्यांनीच सांगितलं. दोघंही वाहक, म्हणजे स्वतः ठीक पण दोष पुढं देणारे, असले तर प्रत्येक लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक. पण हे सहाव्या महिन्यात सांगून काय उपयोग? विदर्भात तर हे लग्नाआधीच कळायला पाहिजे, निदान पहिल्या शनिवारी तरी.

माझी खरी तक्रार पुढं आहे. शिकवलं नवऱ्याला, आणि बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यानं आत सोडलं सासूला. पुरुष बाहेर. कंबर दाबायची कला घेऊन मी ओट्यावर बसलो आणि आत आई सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत होती. लेकरू झाल्यावर पहिला चीक पाजायचा की मध चाटवायचा, तेही आईच ठरवणार होती. सिस्टरचं सगळं मला पाठ, पण आईनं ते ऐकलेलं नव्हतं. मध थांबवायला मला तिच्याशी भांडावं लागलं, आणि आमच्याकडे असं भांडण सहा महिने पुरते. एक शनिवार फक्त सासवांचा ठेवा, पाहिजे तर त्याचे शंभर वेगळे घ्या.

ज्यांना पाचशे जड जातात, त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात जावं. चौथ्या महिन्यापासून तिथं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून तपासणी फुकट होते. गर्दी असते, कंबर दाबून दाखवायला तिथं कोणाला वेळ नसतो. वर्गाला जाणार असाल तर सिस्टरचे शनिवार कोणते, ते आधी फोन करून विचारा, आणि आईला मागच्या सीटवर बसवून घेऊन जा.